'सीधे' म्हणजे नेमकं कुठे?

मंडळी, बालाघाटला आज सकाळी झालेल्या फन रनमध्ये मी हरले. त्याचं कारण एक शब्द आहे.

मार्गावर बाणाची एकही खूण नव्हती. चौकात आयोजकांपैकी एक काका नुसते ओरडत होते, "सीधे! सीधे!"

सीधे म्हणजे सरळ, म्हणून मी सरळ धावले. माझ्या बऱ्याच मागे असलेली चुलत बहीण प्राची 'सीधा हात', म्हणजे हिंदीतला उजवा हात, असं समजून उजवीकडे वळली.

मार्ग सरळच होता. रेल्वे फाटकापर्यंत जाऊन मी शर्यत सुरू झालेल्या मैदानात परतले, तेव्हा पहिल्या नंबरचं मेडल प्राचीच्या गळ्यात होतं. तिच्या रस्त्याने अंतर निम्मंही भरत नाही.

"कुठं राह्यलती ताई? मले वाटलं तू कवाचीच पोचली असशीन!" ती म्हणाली. तिला खरंच काही कळलेलं नव्हतं. म्हणून तर जास्त राग आला.

बाबा पहिल्यांदाच मला धावताना बघायला कटंगीहून आले होते. ते प्राचीच्या पाठीवर थाप मारत सगळ्यांना सांगत होते, "आमच्या घरची पोरगी हाये!"

माझ्या मोबाइलमध्ये धावलेल्या मार्गाचा नकाशा होता. तो दाखवायला मी मोबाइल काढला.

बाबा म्हणाले, "बरं झालं, मोबाइल हातातच हाये तुह्या. आमचा दोघांचा फोटो काढ नं."

मी काढला. चांगला आलाय. बाबा इतके मोकळे हसलेले माझ्याकडे दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाहीत.

तुम्ही काढलाय कधी असा फोटो, ज्यात तुम्ही असायला हवं होतं?