पाठ फिरवली आणि कार्ड वसूल झालं

मंडळी, मी जिंकले! आमच्या इथे आखातात, एगैला भागातल्या घाऊक दुकानाच्या सभासद कार्डाची मुदत आज संपली. वर्षाची फी दहा दिनार. ती वसूल झाली नसेल तर कार्ड बंद, असं मी घरात कबूल केलं होतं.

नवरा वर्षभर म्हणत होता, "बचत दुकानाची होतेय, आपली नाही."

सुरुवातीला त्याचंच खरं होतं. तिघांच्या घरात मी दह्याची बादली आणि दहा किलो रवा आणला. दही आंबलं, रव्यात किडे झाले. मग खालच्या मजल्यावरच्या सलमाभाभींनी रत्नागिरीतला मासळीचा नियम लावला. सामानाचे दोन सारखे वाटे करायचे, एकाने पाठ फिरवायची आणि कुठला वाटा कोणाचा ते न बघता सांगायचं. कुरकुरीला जागाच नाही.

आज सगळ्या पावत्या काढल्या. आमच्या वाट्याचं सामान कोपऱ्यावरच्या बकाल्यापेक्षा, म्हणजे किराणा दुकानापेक्षा, सतरा दिनारांनी स्वस्त पडलं होतं. फेकलेल्या मालाचे चार मीच वजा केले, फीचे दहाही केले. उरले तीन!

"तीन दिनारांसाठी एवढा जल्लोष?" नवरा म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही गप पाठ फिरवा," म्हणत, तांदळाचे वाटे घालायला आलेल्या सलमाभाभींनी एका वाट्याशेजारी पाच दिनार ठेवले. "नव्या कार्डात अर्धा वाटा माझा."

नवऱ्याने पाठ फिरवली.

माझी धावपळ मी हिशेबात धरली नाही, हे मान्य. पण एकटीच्याने हे कार्ड कधीच वसूल झालं नसतं. तुमचा वाटेकरी कोण आहे?