पंडितभाऊंची कौलं

सुरतजवळ पलसाण्याकडच्या एका डाइंग मिलच्या फोल्डिंग खात्यात पंडितभाऊंनी उभा जन्म कापड तपासण्यात घालवला. टेबलाच्या काचेखाली ट्यूबलाइट, काचेवरून कापडाचा ताका सरकतोय आणि त्यावर पंडितभाऊंचा डोळा. तुटलेला धागा, रंगाचा ठिपका, तेलाचा डाग, काही म्हणता काही सुटायचं नाही. पण दोष सापडला की काम अर्धंच व्हायचं. उरलेलं अर्धं म्हणजे तो दोष कुणाचा हे ठरवायचं. धागा तुटला असेल तर लूमवाल्याचा, ठिपका असेल तर प्रिंटिंगवाल्याचा. खडूने गोल करायचा आणि माल ज्याचा त्याच्या तोंडावर परत मारायचा. इतक्या वर्षांत एकही दोष फोल्डिंग खात्याचा निघाला नाही, हे ते छाती फुगवून सांगत. त्यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती.

मिल सुटली तरी तो डोळा काही सुटला नाही. मेथीच्या जुडीतल्या काड्या, रिक्षावाल्याने घेतलेला वळसा, सुनेने पाठवलेल्या डब्याचं न बसणारं झाकण, सगळं तपासून व्हायचं. आणि गेली चार वर्षं हा डोळा लागून राहिला होता तो सुरतच्या लिंबायत भागातल्या स्वतःच्याच घराच्या छपरावर. दोन खोल्यांचं घर, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेली, वर मंगलोरी कौलं. गल्लीत बाकी सगळ्यांनी स्लॅब टाकले, नाहीतर पत्रे मारले. कौलं उरली ती पंडितभाऊंची आणि शेजारच्या शांताबाईंची. पंडितभाऊंची गळत होती. शांताबाईंची गळत नव्हती. पंडितभाऊंचा निम्मा संताप तर यावरच होता.

यंदा मात्र नुसत्या संतापावर भागणारं नव्हतं. त्यांच्या बायकोला, सरलाबाईंना, दमा. मागचे दोन पावसाळे त्यांनी निम्मे दवाखान्यात काढले होते. भिंतीला ओल, गादीला ओल, हवेला बुरशीचा वास. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, की ओल म्हणजे यांना विष आहे. मुलगा ललित सुरतबाहेर सचिन गावात राहायचा, सहाव्या मजल्यावर, कोरड्या ठणठणीत फ्लॅटमध्ये. तो आईला न्यायला कधीचा तयार होता. पंडितभाऊ जायला तयार नव्हते. सहाव्या मजल्यावर माणसाच्या डोक्यावर छप्पर नसतं, सातव्या मजल्यावरच्यांचा संडास असतो, असं त्यांचं म्हणणं. खरी गोष्ट वेगळी होती. हे घर त्यांनी दोन-दोन पाळ्या करून घेतलं होतं, ते त्यांच्याच्याने सोडवत नव्हतं; आणि सरलाबाई गेल्या तर याच घरात एकट्याने करायचं काय, हा विचार आला की त्यांना घाम फुटे. घाम फुटला की राग येई.

पावसाळा तोंडावर आला, तेव्हा शेवटी सरलाबाईंनीच निकाल लावला. "नळी लावा, वरतून पानी टाका," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "एक थेंब जरी पलंगवर उना, ते रविवारले मी ललितकडे जासू. माले आते आठे सोसत नही."

"एक बी थेंब पडत नही, देखजो!" पंडितभाऊ गरजले.

गरजणं सोपं होतं. कौलं चाळून देणारा एक माणूस व्यारा गावाकडून यायचा, त्याला त्यांनी फोन लावला. "काले आवीश, काका," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा "काले आवीश." हा 'काले', म्हणजे उद्या, उगवलाच नाही आणि पुढे पुढे तर त्याने फोन उचलणंच सोडलं. ललितला सांगितलं तर तो म्हणाला, "पप्पा, पत्रो मारी दो ने, पती गयुं!" पत्रे मारा की संपलं, म्हणे! पंडितभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला पत्र्याखाली भाजायची आहे का, असं विचारून त्यांनी फोन आपटला. मग शनिवारी सकाळी धोतराचा काचा मारला, खिशात खडू टाकला, कमरेला छिन्नी-हातोडी खोचली, शिडी लावली आणि दुखऱ्या गुडघ्याला शिव्या देत स्वतःच वर चढले.

वजन एका जागी येऊ नये म्हणून त्यांनी कौलांवर फळी आडवी टाकली आणि तिच्यावर बसून एकेक ओळ तपासायला घेतली. कौलावर बोटाच्या पेराने टिचकी मारायची. टण्ण वाजलं तर कौल धड, भद्द वाजलं तर चिरलेलं. आढ्यापासून वळचणीपर्यंत टिचक्या मारून त्यांची बोटं सोलवटली. कौल न् कौल टण्ण वाजत होतं. टवका उडालेला नाही, चीर नाही, आढ्यावरची कौलं जागच्या जागी. खडू खिशातून निघालाच नाही. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. पंडितभाऊ मात्र चरफडले. दोष नाही तर मग घर गळतं कसं? काहीतरी असणार. आणि ते कुणाचं आहे हे तर त्यांना चार वर्षांपासून ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वीच्या उत्तराणला, म्हणजे संक्रांतीला, सगळं सुरत गच्च्यांवर चढलेलं असताना, शांताबाईंचा योगेश कापलेल्या पतंगामागे त्यांच्या छपरावर धावत आला होता. लहान पोर म्हणावं तर तसंही नाही. इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला जाणारा तिशीचा घोडा. दोन कौलं फुटली. योगेश वरूनच म्हणाला, "भरून देतो, काका." पण पंडितभाऊंनी गल्ली गोळा केली आणि नको ते बोलून बसले. नवरा मेल्यावर बाईच्या पोराला वळण कोण लावणार, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. शांताबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. सरलाबाई आणि शांताबाई वर्षानुवर्षं दुपारी एका ओट्यावर बसून भाजी निवडायच्या, तेही बंद. सरलाबाईंना नवऱ्याची सक्त ताकीद होती.

ती दोन कौलं बदलून थांबले असते तर विषय मिटला असता. पण पंडितभाऊंचा जन्म खानदेशात, अमळनेरकडच्या धाब्याच्या घरातला. तिकडे छप्पर म्हणजे सपाट मातीचं. त्यांचा बाप दर वैशाखात धाब्यावर खारी माती पसरायचा, तुडवायचा, बोटभर भेगसुद्धा शिल्लक ठेवायचा नाही. भोक बुजलं की पाणी बंद, हे त्यांनी आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. त्यामुळे कौलाखालच्या फटींवर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता. इतक्या फटी उघड्या ठेवून कुणी छप्पर बांधतं का? त्यांनी सिमेंट कालवलं आणि प्रत्येक कौलाच्या खालच्या काठाची फट लिंपून टाकली. मागच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत सिमेंट संपलं, तेवढा कोपरा राहिला. त्या पावसाळ्यात घर जास्तच गळलं. योगेशच्या पायाने बारीक चिरा गेल्या असणार म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी आणखी सिमेंट भरलं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. कोपरा तेवढा कोरडा राही. त्याच कोपऱ्याखाली श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसायची, म्हणून ही तिचीच कृपा असं घरात ठरून गेलं होतं.

आता पंडितभाऊंनी खाली हाक मारली, "चालू कर!" सरलाबाईंनी नळ सोडला आणि आत जाऊन पलंगाशी उभ्या राहिल्या. नळी एकदा निसटली, पंडितभाऊंना आंघोळ घालून गेली. शिव्या देत त्यांनी ती पुन्हा धरली आणि आढ्यावरून पाणी सोडलं. सुरुवातीला सगळं झकास होतं. पाणी उतारावरून धावलं, वळचणीतून अंगणात पडलं. ते खूश होऊन म्हणाले, "शे का काही?"

"नही," आतून आवाज आला.

थोडा वेळ गेला. मग आवाज आला, "उनं!" पाणी आत आलं होतं.

"कथं?"

"पलंगवर. आते भितवर बी. ओ, चहूकडे उनं!"

पंडितभाऊंनी नळी सरकवली. जिथे सरकवली तिथे आत गळायला लागलं. टण्ण वाजणारी, धडधाकट कौलं, आणि तरी खाली धार! ते रडकुंडीला आले. देवीला तरी विचारावं म्हणून की काय, त्यांनी नळी मागच्या कोपऱ्यावर धरली. पाणी सरळ खाली गेलं. "आठे?" त्यांनी विचारलं. "आठे कोल्लं शे," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनी तिथे नळी धरूनच ठेवली. कोरडंच. नळी पुन्हा शेजारच्या ओळीवर आणली, लगेच आतून "उनं!" कोपऱ्यावर नेली, कोरडं.

मग ते वाकून बघायला लागले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कौलाकडे न बघता पाण्याकडे बघितलं. कोपऱ्यात काही पाणी कौलाखाली शिरत होतं आणि खालच्या फटीतून आपसूक बाहेर पडत होतं. शेजारच्या ओळीत तेच पाणी कौलाखाली शिरत होतं, पण खाली सिमेंटने अडत होतं. शेताला बांध घालावा तसा प्रत्येक कौलाला बांध होता. पाणी तुंबत होतं, मागे चढत होतं आणि कौलाच्या वरच्या काठावरून घरात उतरत होतं. बांध ज्याने घातला तो माणूस नळी हातात धरून फळीवर बसला होता.

त्यांचा आधी विश्वासच बसेना. त्यांनी कमरेची छिन्नी काढली आणि एका कौलाचं सिमेंट ठोकून काढायला घेतलं. सिमेंट निघालं, त्याबरोबर कौलाचा काठही निघाला. दुसरं घेतलं, ते मधोमध दुभंगलं. चार वर्षांचं सिमेंट कौलाला असं भिनलं होतं की एक सोडवावं तर दुसरं जायचं. खालची लाकडी रीप काळी पडून मऊ झाली होती, नखाने सोलत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोसुद्धा पुन्हा पुन्हा, दर वर्षी, हौसेने. पंडितभाऊंनी छिन्नी फेकली. ओरडावं तर कुणावर ओरडावं ते कळेना. कधी नव्हे ते सगळी गल्ली रिकामी होती.

ते खाली उतरले तेव्हा सरलाबाई ओली गादी उचलून भिंतीला टेकवत होत्या. त्यांना धाप लागली होती. पंडितभाऊंनी गादी धरली आणि भिंतीकडे तोंड करून काय दिसलं ते सांगितलं. सिमेंट, फटी, पाणी, सगळं. सरलाबाईंनी ऐकून घेतलं. श्वास जागेवर यायला त्यांना वेळ लागला.

"मंग योगेशनं काय?" त्या म्हणाल्या.

"योगेशनी दोन कौलं. तेवढीच."

"आनि बाकी?"

पंडितभाऊंनी गादी आणखी सरळ केली.

"बाकी कोना दोष?"

"मना," पंडितभाऊ म्हणाले. दोष पहिल्यांदाच फोल्डिंग खात्याचा निघाला होता.

सरलाबाई ओरडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी पदराने हात पुसले आणि दाराबाहेर गेल्या. शेजारची कडी वाजलेली पंडितभाऊंनी ऐकली. मग बराच वेळ दोन बायकांचे आवाज, मग रडणं, कुणाचं ते भिंतीतून कळत नव्हतं. पंडितभाऊंना वाटलं, चला, हेही एक बरंच झालं. मैत्रीण परत मिळाली, आता ही जाणार नाही. जिथे तिथे आपलं काहीतरी चांगलं निघालं पाहिजे, ही त्यांची जुनी खोड. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

रविवारी ललित गाडी घेऊन आला, तेव्हा सरलाबाईंची पिशवी भरलेली होती. पंडितभाऊ दारात आडवे उभे राहिले. "आते कसाले जास? कारण सापडनं ना! मी सगळं काढी टाकस, नवी रीप लावस. कौलं मोकळी झाली का मी तुले फोन करस."

"तुम्हना फोनवर मी येवाव नही," सरलाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही दर साल सांगतस, आते गळत नही. तुम्हनं ऐकीसन मना चार वरीस गयात. श्वास गया, शांताबाई गयी." त्यांनी शेजारच्या ओट्याकडे हात केला. शांताबाई तिथे उभ्या होत्या. "ती येई, पलंगवर बशी, वरतून पानी टाकाले लाई. ती सांगी तवय मी येसू."

ललितने पिशवी घेतली. त्याला बापाकडे बघवत नव्हतं. पंडितभाऊंना बोलायचं होतं, की छप्पर गळतं की नाही हे शांताबाईंनी का सांगायचं, छपरातलं त्या बाईला काय कळतं, की घर माझं, तपासणार मी. ते सगळं तोंडापर्यंत आलं आणि त्यांनी गिळलं. सरलाबाईंनी गाडीत बसताना त्यांच्या दंडाला एकदा हात लावला, गुडघ्याचं तेल फडताळात ठेवलंय म्हणून सांगितलं, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली.

आभाळ भरून येत होतं. सगळं सिमेंट फोडायचं, रिपा बदलायच्या, नवी कौलं कुठे मिळतात ते शोधायचं. एकट्याच्याने होणारं काम नव्हतं. पंडितभाऊंनी शिडी भिंतीला लावली, पण गुडघ्याचा भरवसा नव्हता. चार वर्षांत त्यांनी शेजारच्या ओट्याकडे मान वळवली नव्हती, ती आता वळवली.

"शांताबाई," ते म्हणाले, "शिडी धरशात का?"

"धरसू ना, भाऊ," शांताबाई म्हणाल्या. "पन पहिले योगेशले सांगा, जे सरलाले सांगं ते. आज सुट्टी शे त्याले, घरमाच बठेल शे."

पंडितभाऊंनी शिडी भिंतीलाच राहू दिली, पायात चपला सरकवल्या आणि ते शेजारच्या दाराकडे गेले.