शीव खिडकीतून जाते

नेदर कॉब्ली या इंग्लिश खेड्यात एनिड थ्रपच्या तोंडी लागायला कुणी धजावत नसे. निम्म्या गावाला तिनं शाळेच्या खानावळीत उकडलेला कोबी खायला लावला होता. ओरडणं नाही, मारणं नाही. "संपव. मी बघतेय." बस्स. आता ती निवृत्त होती, गुडघे कुरकुरत होते, पण पन्नाशीचे बापेही तिच्यासमोर बशी चाटूनपुसून ठेवत.

दर मे महिन्यात गाव शिवेची फेरी काढतं. ओल्या छड्या घेऊन हद्दीवरून चालायचं, हद्दीच्या दगडांवर छड्या हाणायच्या. ओढा आला तर ओढ्यातून, कुंपण आलं तर कुंपणावरून. शीव वळत नाही; आणि फेरी जिथून जाईल तीच वर्षभर गावाची शीव, असा जुना रिवाज.

यंदा मात्र शिवेवर व्हेनेबल्स आला. लंडनहून आलेल्या या गृहस्थानं जुनी गिरणी घेतली आणि तिला काचेची खोली जोडली, नेमकी हद्दीवर. हद्दीचा दगडसुद्धा आत घेतला. "काय झकास जुनाट दिसतो!" म्हणून वर कुंडी ठेवली. फेरी वळसा घालून गेली, की गिरणीमागचं गावाचं कुरण शिवेबाहेर पडणार. व्हेनेबल्सनं तिथे टेनिसचं मैदान आखायला घेतलंही होतं.

"आपण जरा... म्हणजे समजुतीनं... वळसा तसा छोटाच..." पाद्रीबुवा गिरणीच्या फाटकाशी म्हणाले.

"कुरण गेल्यावर जत्रा तुमच्या अंगणात भरवू का?" एनिडनं विचारलं.

"हो, म्हणजे नाही, म्हणजे..."

"मग चला."

"एनिड, वयाकडे बघ," काचेच्या खोलीशी पोचल्यावर शेजारचा पर्सी गजिन कुजबुजला.

"तूच बघ. मला वेळ नाही. वाक खाली."

काचेच्या खोलीत पाहुण्यांचं जेवण चाललं होतं. दाराला कुलूप होतं, पण उकाड्यानं खिडकी उघडी होती. पर्सीच्या पाठीवर पाय देऊन एनिड खिडकीत शिरली. डोकं गेलं, खांदे गेले, आणि कमरेशी गाडी अडली.

व्हेनेबल्स ताडकन उठला. "बाई, हे खासगी घर आहे! मी पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा की. डेरेक इथेच आहे, माझे पाय धरून."

"नमस्कार साहेब," बाहेरून गावचा हवालदार डेरेक म्हणाला. "आज सुट्टी आहे माझी."

चौकट कमरेत रुतत होती. बाहेर कुणीतरी "मागे ओढू का?" असं विचारलं. ती मागे गेली, की सगळे निमूट वळसा घालणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"डेरेक, मागे ओढलंस तर लाथ बसेल," ती ओरडली. मग व्हेनेबल्सकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही आत ओढा. नाहीतर जेवा आरामात. मी आहे इथेच."

पाहुण्यांनी काटेचमचे खाली ठेवले. एक बाई हातरुमालात तोंड लपवून खिदळली. व्हेनेबल्सचे कान लालभडक झाले. अखेर त्यानं एनिडचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. ती धप्पकन आत पडली, उठली, कुंडी उचलून त्याच्याच हातात दिली आणि दगडावर सणसणीत छडी हाणली. तिच्यामागून गाव खिडकीतून आत ओघळू लागलं: पर्सी, पाद्रीबुवा, शेवटी डेरेक.

"आता कुरणाकडचं दार उघडा," एनिड कंबर चोळत म्हणाली. "आणि पुढच्या मेपर्यंत खिडकी रुंद करून घ्या. मी काही बारीक व्हायची नाही."