सील फोडलेली घड्याळं

सव्वीस वर्षं दुकानात उभा राहिलेला माणूस घरी बसून काय करणार? येरझारा घालणार, दुसरं काय! विजेच्या सामानाचं ते दुकान बंद झालं आणि हा गृहस्थ दोन खोल्यांच्या घरात खिडकीपासून ओट्यापर्यंत अन् ओट्यापासून खिडकीपर्यंत चालू लागला. बायको भाजी चिरता चिरता म्हणायची, "अहो, टेका जरा. फरशी झिजेल."

दुकानात त्याला सगळे लावूनबघू म्हणायचे. गिऱ्हाइकाने बल्ब मागो की इस्त्री, हा खोका उघडणार, "आधी लावून बघू" म्हणणार, आणि मगच बिल. फिरवून न बघता एकही पंखा त्याने दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

बायकोच्या थोरल्या भावाचं गोदाम होतं. तिथे दाराशी एक स्टूल रिकामं होतं. "आलेले खोके मोजायचे, गेलेले खोके मोजायचे. बसून काम आहे," मेहुणे म्हणाले. बसून काम! लावूनबघू पुन्हा खिडकीकडे चालू लागला. त्याने बायकोकडे महिन्याची मुदत मागितली. मोठ्या दुकानांत न खपलेला माल मागच्या कोपऱ्यात लाल चिठ्ठी लावून अर्ध्या किमतीत पडलेला असतो. तो उचलायचा, फोनवर त्याचा फोटो टाकायचा आणि किंमत थोडी वाढवून विकायचा. लेकीच्या मैत्रिणीचा काका हेच करून ऐटीत राहतो म्हणे.

"महिना," बायको म्हणाली. "मग मुकाट्याने स्टूल."

पहिल्याच फेरीत त्याने गजराची पंधरा घड्याळं आणली. प्रत्येकाच्या खोक्यावर घट्ट, चकचकीत प्लॅस्टिक. घरी पोचल्यावर चहाचा कप तसाच ठेवून त्याने ब्लेड घेतलं आणि पंधराच्या पंधरा खोके उघडले. बॅटऱ्या घातल्या, काटे जुळवले, घड्याळं पलंगावर मांडली.

लेक कॉलेजातून आली आणि दारातच थबकली. "बाबा! सील का फोडलंत?"

"मग न तपासता विकू? लोकांच्या गळ्यात बंद घड्याळं मारू?"

लेकीने कपाळाला हात लावला. विकायच्या पानावर दोनच रकाने होते, 'नवीन, सीलबंद' आणि 'वापरलेलं'. घड्याळं वापरली कुठे होती? त्याने बिनदिक्कत पहिल्यावर खूण केली.

आठवड्यात तीन घड्याळं गेली आणि दोन तक्रारी आल्या. सील फोडलेलं घड्याळ नवीन म्हणून विकलं, फसवणूक आहे. पाठोपाठ ते विक्रीचं पान चालवणाऱ्या कंपनीचा संदेश आला, तिसरी तक्रार आली की खातं कायमचं बंद. लावूनबघू चिडला, ओशाळला, पुन्हा चिडला. फसवणूक? त्याने? सव्वीस वर्षांत हा शब्द त्याला कुणी ऐकवला नव्हता.

उरलेली बारा घड्याळं घरभर टिकटिकत राहिली. एक आंघोळीच्या वेळी बोंबलायचं, दुसरं ऐन जेवणात. त्यातली दोन रोज चार-चार मिनिटं मागे पडत होती. त्याने ती बाजूला काढली. मुदतीचे चारच दिवस उरले होते. चालून चालून त्याच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, पण खाली बसलं की जीव गुदमरायचा.

त्या दिवशी दुपारी फोन वाजला. नर्सेसच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंची मागणी होती, दहा घड्याळं, सीलबंद.

लेक लगेच कामाला लागली. कुठूनसं पातळ प्लॅस्टिक आणलं, केस वाळवायचं यंत्र फिरवलं आणि दहा खोके कोरे करकरीत करून टेबलावर रचले. "आता ओळखा बघू!" ओळखणं शक्यच नव्हतं. बायकोही खूश झाली. लावूनबघू मात्र त्या खोक्यांभोवती फिरत राहिला. एकदा हात लावला, परत काढला. मग एकदम ब्लेड घेतलं आणि पहिल्या खोक्याचं प्लॅस्टिक चर्रकन फाडलं.

"अहो, वेड लागलंय का?" बायको ओरडली. "ते स्टूल हवंय तुम्हाला?"

"नकोय गं! मरेन मी त्या स्टुलावर," तो ब्लेड खाली ठेवत म्हणाला. "पण हे नाही जमायचं मला."

त्याने बाईंना फोन लावला. "मॅडम, सगळी मीच उघडलीत. तीन आठवडे चालवून बघितलीत. दोन मागे पडतात, ती देणार नाही. बाकीची दहा चोख आहेत. पण सीलबंद नाहीत. नको असतील तर आताच सांगा."

बायको आणि लेक फोनजवळ सरकल्या.

"वाजतात का?" बाईंनी विचारलं. "गेल्या खेपेला सीलबंद वीस घेतली, सात वाजलीच नाहीत. पोरींना पहाटेच्या पाळीला उशीर झाला, बोलणी मी खाल्ली."

"सगळी वाजतात. आमच्या घराला विचारा."

बाई हसल्या. मग त्यांनी किंमत बरीच पाडून घेतली; नफा म्हणाल तर चहापुरता उरला. पण फोन ठेवताना म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात टेबलाचे दिवे लागतील. तेही असेच बघून द्या."

लेकीने पान उघडलं. रकाना 'वापरलेलं' केला आणि खाली लिहिलं, 'उघडून, चालवून बघितलेलं'. लावूनबघूने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि पिशवी घेऊन दुकानांच्या फेरीला निघालासुद्धा.

बायकोने भावाला फोन लावला.

"दादा, ते स्टूल दुसऱ्या कुणाला तरी दे. ह्यांना बसवत नाही."