रहमतबीने पाहिलेले वळ

नांदेडच्या त्या मोहल्ल्यात कुणी बाई गेली की रहमतबीला बोलावणं यायचं. मय्यतीला आंघोळ घालून कफन चढवायचं काम ती वीस वर्षं करत होती. भूकंपाच्या साली औशाकडच्या बहिणीच्या गावात पाण्याअभावी काही बायका तशाच पुरल्या, ते तिच्या जिवाला इतकं लागलं की परत आल्यावर तिने हे काम अंगावर घेतलं. कामाचा दस्तूर असा, की मय्यतीच्या अंगावर दिसेल ते पडद्याआडच राहायचं. कुणाचं कोड, कुणाच्या पाठीवर नवऱ्याच्या पट्ट्याचे वण, सगळं रहमतबीच्या पोटात राहिलं.

मग नगरसेविका उमैमाची मय्यत आली. मुलींच्या शाळेसाठी राखलेल्या जागेवर कोचिंग क्लासचं पाच मजली होस्टेल उठत होतं आणि महापालिकेत ही एकटी त्याविरुद्ध भांडत होती. ती बायपासला मरून पडलेली सापडली. लुटारूंनी स्कूटी अडवून भोसकलं, असं पोलिस म्हणाले. पण पाणी घालताना रहमतबीला दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ दिसले. रस्त्यात अडवणारे चोर हात बांधत बसतात का?

आठ दिवस तिला घास गोड लागला नाही. शवविच्छेदनाच्या कागदात मनगटांचं नावही नाही, हे उमैमाच्या आईकडून कळलं तेव्हा ती बुरखा चढवून थेट ठाण्यात गेली. साहेबांनी ऐकून घेतलं, पेन काही उचललं नाही.

“मावशी, तुमच्यात मय्यतीचं पाहिलेलं बोलत न्हाईत ना? मग कशाला पाप घेऊन राहिल्या डोक्यावर?”

“झाकायचा तो मेलेलीचा ऐब, साहेब. मारणाऱ्याचा न्हाई. लिहून घ्या.”

त्यांनी लिहिलं नाही. ती अकरा वेळा गेली, अकरा वेळा तिला बाकावर बसवून घरी पाठवलं. साहेबांना दुसऱ्याच्या धर्माचा दस्तूर पाठ होता, स्वतःच्या कामाचा तेवढा ते विसरले होते.

मोहल्ला तर याहून निगरगट्ट. मारेकरी कोण, हे विचारायला ज्यांची जीभ उचलली नाही, तेच ‘हिच्या पोटात काही राहत नाही’ म्हणत दुसरी बाई बोलावू लागले. वर्षभरात होस्टेल उभं राहिलं, पोरं राहायला आली. खून खरा, पण आरोपी सापडत नाही, असं लिहून पोलिसांनी फाईल मिटवली.

उमैमाच्या खुनानंतर दोन वर्षांनी तिची आई गेली. मय्यत रहमतबीच धुईल, असं तिने जाताना घरच्यांकडून कबूल करून घेतलं होतं. पडद्याआड तीन बायका मदतीला होत्या. रहमतबीने म्हातारीच्या मनगटावर पाणी ओतलं आणि ती थांबली.

“हिच्या लेकीच्या हाताला इथंच दोरीचे वळ होते. म्या पाहिलेत.”

तांब्या भरून देणारी बाई उमैमाच्या वेळीही तिथेच होती. आजवर तिने तोंड उघडलं नव्हतं.

“हाव,” ती खाली बघत म्हणाली, “म्या बी पाहिलेत.”

रहमतबीच्या अंगाचा नुसता संताप झाला. दोन वर्षं ही शेजारच्या गल्लीत राहत होती. पण तिने आधी मय्यत नीट धुतली, कफन चढवलं, जनाजा उठू दिला. मग त्या बाईचा हात घट्ट धरला.

“चल ठाण्यात. आता आपण दोघी हाव.”