ओव्हाळ नावाची उडी

आनंदरावांनी उभी नोकरी स्वारगेटच्या एसटी स्थानकात माइकसमोर काढली. सातारा, कराड, मिरज, अक्कलकोट... गावांची नावं ते अशी मायेने घेत, की प्रत्येक गावात यांची एकेक मावशी राहते असं वाटावं. दुपारच्या पेंगुळत्या वेळी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते गाव तरंगत यायचं. स्वतःचं नाव मात्र ते अर्धंच सांगत. कुणी आडनाव विचारलं की त्यांना हटकून खोकला यायचा.

खोकल्याला कारण होतं. लग्न नवं असताना सुशीलाबाईंना घेऊन ते पेठेत खोली बघायला गेले. मालकांनी पाणी दिलं, नळाची वेळ सांगितली आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "ओव्हाळ म्हणजे?" त्यानंतर आठवलं, की खोली कालच गेली. पुढच्या घरीही कालच गेली होती. पुण्यातल्या सगळ्या खोल्या एकाच दिवशी जातात, हे आनंदरावांना तेव्हा कळलं. शेवटी विश्रांतवाडीला, आपल्या माणसांत बिऱ्हाड थाटलं. पण ते "म्हणजे?" कानातून गेलं नाही. लेकीला शाळेत घातलं तेव्हा त्यांनी नाव सांगितलं, अक्षता आनंद. आडनावाची भानगडच नको.

पोरगी जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. ड्यूटी संपली की आनंदराव तिच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये जाऊन बसत. तिरप्या उन्हात खडूची भुकटी तरंगत असायची, आणि तिच्यात उलटी सुलटी होणारी अक्षता बघता बघता आपण जागे आहोत की झोपेत, हेच त्यांना कळेनासं व्हायचं. अर्धी वीत रुंदीची ती उंच लाकडी पट्टी, बीम. तिच्यावरून मागे उलटी उडी, हवेतच दीड गिरकी, आणि पाय पुन्हा त्याच पट्टीवर. ही उडी अक्षताने स्वतः शोधली होती. आनंदरावांच्या स्वप्नात ती खाली येतच नसे. विश्रांतवाडीच्या गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून ती निवांत फिरत राहायची आणि तिला कुणी काही विचारत नसे.

जागतिक स्पर्धेसाठी तिची निवड झाली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ही उडी आजवर कुणी स्पर्धेत मारलेली नाही. आधी कळवून, तिथे न पडता मारली, की नियमांच्या पुस्तकात जाते. मारणारीच्या नावाने."

"अक्षता?"

"आडनावाने. म्हणून मी पासपोर्टवर ओव्हाळ करून घेतलं."

आनंदरावांना खोकला आला. "आनंद काय वाईट होतं?"

"छान आहे की. पण ते तुमचं नाव झालं. तुम्ही जे लपवलंत ना, ते मला जगाकडून म्हणवून घ्यायचंय."

हे त्यांना फार लागलं. तरी त्यांनी विचारलं, "आणि पडलीस तर?"

"तर पुस्तकात काही येणार नाही. सुटलात तुम्ही."

स्पर्धेच्या दिवशी सुशीलाबाईंनी ती बघायला मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. तिकडच्या निवेदकाने नाव पुकारलं आणि आनंदराव ताडकन म्हणाले, "ळ खाल्ला की गाढवाने! नीट घे म्हणावं नाव!"

सुशीलाबाई बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांत या माणसाने आडनावासाठी कुणाशी भांडण काढलं नव्हतं.

अक्षता उडाली. स्वप्नातल्यासारखीच, संथ. आज मात्र ती खाली यावी, म्हणून आनंदरावांचा जीव कासावीस झाला. पाय पट्टीला लागले. ती डावीकडे झुकली, हात पसरले गेले. "अहो, पडतेय!" सुशीलाबाई ओरडल्या. अक्षता डोलली, डोलली आणि उभी राहिली. आनंदराव लहान मुलासारखे रडले.

हल्ली ते सांजवेळी त्याच हॉलमध्ये दाराशी खुर्ची टाकून बसतात. परवा नातीचं नाव घालायला आलेले इस्त्रीच्या कपड्यांतले एक गृहस्थ शेजारी टेकले.

"आपण?"

"आनंदराव."

"आडनाव?"

खोकला आला नाही. अख्ख्या फलाटाला ऐकू जावं अशा आवाजात आनंदराव म्हणाले, "ओव्हाळ."

"ओव्हाळ म्हणजे...?"

आनंदरावांनी बीमकडे बोट केलं. "त्या पट्टीवर चढायचं, मागे उलटी उडी घ्यायची, हवेत दीड गिरकी मारायची आणि पडायचं नाही. त्याला ओव्हाळ म्हणतात."