साडूंची शर्यतीची गाडी

स्वतः जराही न दमता दुसऱ्याला पार दमवून टाकण्याची विद्या कोणाला शिकायची असेल, तर त्यानं एक उन्हाळा माझ्या साडूंबरोबर काढावा. ते चंद्रपूरला राहतात, मी सिंदेवाहीजवळच्या खेड्यात. पण ऊन तापलं की ते गाडीसकट माझ्या दारात येतात आणि पाऊस लागेपर्यंत हलत नाहीत. पेशानं होमिओपॅथीचे डॉक्टर. नाद म्हणाल तर ऑटोक्रॉसचा. मोकळ्या मैदानात शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेकानं गाडी पळवायची, ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकला, असा हा खेळ. हिवाळ्यात इकडेतिकडे अशा शर्यती होतात. त्या संपल्या की शहाणी माणसं गाडीवर ताडपत्री टाकतात. आमचे डॉक्टर तिच्यावर उपचार सुरू करतात.

उपचार अर्थात त्यांच्या शास्त्राप्रमाणे. एका वेळी एकच बदल, तोही चिमूटभर, आणि मग गुण येण्याची वाट पाहायची. आज टायरमधली हवा किंचित कमी, उद्या किंचित जास्त. वजन घटवण्यासाठी त्यांनी एका वर्षी मागची सीट काढली, पुढच्या वर्षी दाराचं अस्तर, मग हॉर्न. मग स्वतःचा रात्रीचा भात सोडला. त्याची भरपाई ते सकाळी पोह्यांवर करत, त्यामुळे वजन जिथल्या तिथे राहिलं. मी शेजारी बसायला लागलो की म्हणत, "भाऊ, खिशातल्या चाब्या काढून ठेवा." माझ्या पोटाकडे बघत, पण सभ्य माणूस, बोलत नसत. मलाच का बसवता, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "तुमी भेता. भेणाऱ्या माणसाले गाडीचं समदं समजते. मागचं चाक सरकलं का तुमचा हात आपोआप दारावर जाते."

आमच्या गावचा तलाव मे महिन्यात जवळजवळ आटतो. मधे डबकंभर पाणी आणि भोवती टणक, भेगाळलेली जमीन. यांची प्रयोगशाळा तीच. शंकू म्हणून आमच्या न्हाणीतल्या बादल्या मांडायच्या आणि सकाळपासून त्यांच्याभोवती घिरट्या घालायच्या. विडीचा तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बाया पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, सावलीत टेकत. एकीनं एकदा ओरडून विचारलं, "काऊन जी, रस्ता नाई सापडून राह्यला का?" दुसरा कोणी हसून पुढे गेला असता. यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि भर उन्हात त्या बाईला वळणाचं सगळं शास्त्र समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि जाताना मला म्हणाली, "याहिले घरी न्या, भाऊ. ऊन लागलं."

एका सकाळी गेलो तर आमच्या टायरच्या खुणांवर वाघिणीची पावलं उमटलेली. मी परत फिरलो. डॉक्टर मात्र गुडघ्यांवर बसून नीट निरखत होते. म्हणाले, "पाहा, एवढ्या कडक वळणावर हिचा मागचा पाय अजिबात सरकला नाई."

एवढं करून हिवाळ्यात नंबर शेवटून दुसरा किंवा तिसरा. तरी परतताना चेहरा उजळलेला. "गाडी यंदा सुधारली," म्हणायचे.

एका हिवाळ्यात शर्यतीहून आले आणि डाव्या गुडघ्याला सूज आली ती उतरेचना. नागपूरच्या हाडाच्या डॉक्टरनं सांगितलं, या पायानं पुन्हा क्लच दाबायचा नाही. यांनी आपल्या साबुदाण्यासारख्या गोळ्या घेऊन पाहिल्या. गुण आला नाही. दवाखान्यात जायचे, पण पेशंटशी बोलणं कमी झालं. फोनवर गाडीचं नाव निघेना. आमच्या बादल्या वर्षभर न्हाणीतच राहणार असं धरून चाललो होतो.

मे उजाडला आणि गाडी दारात उभी. चालवत होत्या ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, डॉक्टरांची बायको. शाळेत गणित शिकवतात. इतक्या वर्षांत चादरींना लागणाऱ्या ऑइलच्या डागांपलीकडे त्यांनी या गाडीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"ताई, तुम्ही?" मी विचारलं.

"काय करू, भाऊजी? याहिचं तोंड पाहवत नोयतं. नीट जेवूनही नाई राह्यले. म्हटलं, चालवते एक साल."

मग आजवर स्वतःसाठी जे काही जुळवलं होतं, ते सगळं डॉक्टरांनी मोडलं. सीट पुढे घेतली, क्लच हलका केला. ताई वजनाला निम्म्या, म्हणून मागच्या स्प्रिंगा बदलल्या. ते पाळीवर काठी टेकून उभे राहत आणि ताई पेपर तपासावेत तशा निर्विकार चेहऱ्यानं बादल्यांमधून गाडी काढत. शेजारी मीच. पाळीवरून सूचना चालूच: "आता वळव! आता!" तिसऱ्या दिवशी ताईंनी गाडी मधेच उभी केली. म्हणाल्या, "वरडायचं असन तं घरी जा. मले सांगा, पण वरडू नका." डॉक्टर लंगडत खाली आले आणि हळूच विचारलं, "बरं, तुले गाडी कशी लागून राह्यली?"

"डाव्या वळणाले नाक बाहेर जाते."

त्यांनी वाकून पुढच्या टायरची हवा थोडी सोडली. त्यानंतर पावसापर्यंत ते फक्त विचारत राहिले आणि त्या सांगत राहिल्या.

हिवाळ्यात चंद्रपूरबाहेरच्या मैदानावर शर्यत झाली. पहिल्या फेरीत ताईंनी एक शंकू उडवला, त्याच्या दंडाची सेकंदं वेळेत वाढली. दुसऱ्या फेरीला आम्ही दोघं दोरीपाशी उभे होतो. गाडी सुटली, धुळीत शिरली, पहिल्या वळणावर जराशी कलली आणि सावरली.

"भाऊ," डॉक्टर म्हणाले, "एवढे साल मी आतच होतो. भायेरून कशी दिसते, पाह्यलंच नोयतं."

"मग कशी दिसते?"

त्यांची नजर गाडीवरच होती. माझं लक्ष खाली गेलं. चपलेतला त्यांचा डावा पाय प्रत्येक वळणाआधी जमिनीवर दाबला जात होता आणि सावकाश सुटत होता. दुखत असणार, ओठ आवळलेले होते. गाडी शेवटचं वळण घेऊन थांबली. कर्ण्यावरून वेळ सांगितली गेली, डॉक्टरांच्या आजवरच्या कुठल्याही वेळेपेक्षा कमी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी मान हलवली आणि पाय तसाच दाबून, धूळ खाली बसेपर्यंत तिकडे पाहत राहिले.